क्रिमिनल जस्टिसमध्ये पदवी: बारावीनंतरचे रस्ते, नव्या संहिता आणि अभ्यासाची पद्धत

गवतीचहा
भाचीला बारावीनंतर 'क्रिमिनल जस्टिस' करायचं आहे. शाखा कला, टक्के ६८. पोलीस, कोर्ट, तुरुंग, तपास या सगळ्यातच रस आहे, पण नेमकं कुठे जायचं ते ठरत नाही. प्रश्न तीन: (१) आपल्याकडे या नावाची पदवी घ्यावी का? (२) २०२४ मध्ये सगळे कायदे बदलले, मग अभ्यास कशावरून करायचा? (३) अमेरिकेतली पदवी पैसे घालण्यासारखी आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

वाटाड्या
'क्रिमिनल जस्टिस' हे नाव अमेरिकी. आपल्याकडे हाच विषय तीन घरांत वाटलेला आहे: विधी, न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक) आणि समाजशास्त्र/गुन्हेशास्त्र. त्यामुळे पदवीचं नाव शोधण्याआधी बसायचं कुठल्या खुर्चीवर ते ठरवा.

सरकारी वकील, बचावाचा वकील किंवा न्यायाधीश व्हायचं तर एलएलबीला पर्याय नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश एमएच-सीईटी लॉमधून. बार कौन्सिलची बारावीची अट खुल्या गटाला ४५, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के, म्हणजे ६८ ला अडचण नाही. न्यायाधीश व्हायचं असेल तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदासाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. पदवी हातात पडली की लगेच परीक्षा, हे गणित आता बसत नाही.

फौजदार (पोलीस उपनिरीक्षक) व्हायचं तर कुठलीही पदवी चालते. एमपीएससी, मुख्य परीक्षा, मैदानी चाचणी. त्यासाठी 'क्रिमिनल जस्टिस' नावाच्या कागदाला वेगळे गुण नाहीत.

फॉरेन्सिकचं दार कला शाखेला बंद आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था असोत की गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ (त्याचा एक परिसर गोव्यातही आहे), बीएस्सीला बारावी विज्ञानच लागतं. हे कळायला अनेकांना जून उजाडतो.

तुरुंग, परिविक्षा (प्रोबेशन), बालन्याय यांत रस असेल तर साधं बीए समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन पुढे गुन्हेशास्त्रात एमए हा रस्ता जास्त भक्कम. परिविक्षा अधिनियम १९५८ आणि बालन्याय अधिनियम २०१५ हे दोन कायदे त्या वाटेवरचे रोजचे सोबती.

आणि 'बीए क्रिमिनल जस्टिस, १०० टक्के नोकरी' अशी जाहिरात दिसली तर आधी विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते पाहा. विधी महाविद्यालय असेल तर बार कौन्सिलची मान्यता *चालू वर्षाची* आहे का तेही पाहा. मान्यता संपलेल्या तुकडीचा निकाल लागतो, पण सनद (वकिलीचा परवाना) अडकते.

निशाणी_१२
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. १ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे लागू आहेत.

भारतीय न्याय संहिता: ३५८ कलमं (जुनी भारतीय दंड संहिता, म्हणजे भादंवि, ५११ ची होती).
भारतीय नागरिक सुरक्षा संहिता: ५३१ कलमं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता ४८४).
भारतीय साक्ष्य अधिनियम: १७० कलमं (जुना १६७).

बाजारात 'जुनं कलम–नवं कलम' असे तक्ते मिळतात. पहिल्या वर्षाची मुलं तो तक्ता पाठ करतात आणि तिथेच फसतात, कारण तक्त्यात आकडा दिसतो, आतला मजकूर बदलला ते दिसत नाही. न्याय संहितेतली उदाहरणं देतो:

'चारसोबीस' आता ३१८(४). पण ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आणि सगळ्या शिक्षा एकत्र आल्या आहेत, म्हणून पोटकलम लिहिलं नाही तर उत्तर अर्धवट. चोरी ३०३. तिच्या पुढचं ३०४, म्हणजे हिसकावून नेणं, हे नवंच. जुन्या भादंविमध्ये ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवधाची शिक्षा. जुनं पुस्तक डोक्यात असलेला विद्यार्थी मंगळसूत्र ओढल्याच्या प्रश्नात मनुष्यवध लिहून मोकळा होतो!

खुनाची व्याख्या १०१, शिक्षा १०३(१). १०३(२) हे झुंडबळीचं नवं पोटकलम, पाच किंवा अधिक जणांनी जात किंवा समुदाय, भाषा, वैयक्तिक श्रद्धा वगैरे कारणावरून केलेला खून. निष्काळजीपणाने मृत्यू १०६. समान उद्देश (जुनं ३४) आता ३(५), स्वतंत्र कलम राहिलंच नाही. ४९८-अ चं ८५, पण 'क्रूरता' म्हणजे काय ते ८६ मध्ये. राजद्रोहाचं १२४-अ गेलं, १५२ आलं, शब्दरचना पूर्ण वेगळी. दोन्ही शेजारी ठेवून ओळ-ओळ वाचा.

अभ्यासाची रीत: बेअर अ‍ॅक्ट (शासनाचा मूळ मजकूर, टीका-टिप्पणीशिवाय) हातात घ्या. प्रत्येक कलमातले घटक पेन्सिलीने तोडा. चोरीत पाच घटक: जंगम मालमत्ता, दुसऱ्याच्या ताब्यातली, त्याच्या संमतीविना, अप्रामाणिक हेतू, आणि वस्तू हलवणं. यातला एक गळला की चोरी नाही. हे पाच सांगता आले म्हणजे कलम आलं, आकडा नंतर आपोआप येतो.

गवतीचहा
म्हणजे जुनं भादंवि आता रद्दीत?

निशाणी_१२
मुळीच नाही. गुन्हा कधी घडला यावर कलम ठरतं. संविधानाचा अनुच्छेद २०(१) सांगतो की कृत्य घडलं त्या वेळी लागू असलेल्या कायद्यानेच शिक्षा. घटना २० जून २०२४ ची, फिर्याद १० जुलैला आली, तर कलमं भादंविची लागतील. तपासाची पद्धत मात्र नव्या संहितेची, असाच अर्थ उच्च न्यायालयांनी लावला आहे. जे तपास आणि खटले १ जुलैला आधीच चालू होते ते कलम ५३१ नुसार जुन्याच प्रक्रियेने पुढे जातात. म्हणून पुढची कित्येक वर्षं कोर्टात दोन्ही पुस्तकं टेबलावर असणार.

रोजनामा
वरचं सगळं बरोबर, पण कलमं सुटी-सुटी वाचून हा विषय कळत नाही. एक खटला घ्या आणि त्याच्या *कागदांच्या* मागे चाला. सत्र न्यायालयातला खुनाचा खटला सर्वांत चांगला, कारण त्यात जवळपास प्रत्येक कागद असतो. क्रम असा (कंसातली कलमं नागरिक सुरक्षा संहितेची):

फिर्याद, एफआयआर (कलम १७३). कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीबाहेरची असेल तर 'शून्य' क्रमांकाने नोंद. ई-मेलने पाठवली तर ३ दिवसांत येऊन सही करावी लागते. प्रत फिर्यादीला मोफत. शिक्षा ३ वर्षे ते ७ वर्षांच्या आतली असेल तर उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, १७३(३). ही मुभा नवी आहे आणि दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर नोंदवणं बंधनकारक ठरवणाऱ्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालाशी ती कशी जुळते, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न.

मग मरणोत्तर पंचनामा (१९४), घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदनाच्या नोंदी, जप्ती पंचनामे, अटक, साक्षीदारांचे जबाब (१८०), लागल्यास दंडाधिकाऱ्यापुढचा जबाब (१८३), निवेदन पंचनामा (आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू मिळाल्याचा), सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल), आणि शेवटी दोषारोपपत्र म्हणजे चार्जशीट (१९३). पुरावा नसेल तर समरी: महाराष्ट्रात 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'ब' म्हणजे फिर्याद खोटी, 'क' म्हणजे खरीही नाही खोटीही नाही, गैरसमजातून आलेली. 'ब समरी' हा शब्द बातमीत रोज येतो. दुसऱ्या राज्यात लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात तो बहुधा सापडणार नाही.

पुढे कोर्ट: दंडाधिकारी खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग करतो (२३२), दोषमुक्तीचा अर्ज (२५०), आरोपनिश्चिती (२५१), सरकार पक्षाचे साक्षीदार, आरोपीचं म्हणणं (३५१), युक्तिवाद, निकाल. निकाल युक्तिवाद संपल्यापासून ३० दिवसांत, कारण नोंदवून ४५ पर्यंत (२५८).

यातली एकच जागा जवळून पाहा. कलम १८० च्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत आणि तो पुरावाही नाही. त्याचा उपयोग मुख्यतः विसंगती दाखवायला. वकील साक्षीदाराला जबाबातलं नेमकं वाक्य वाचून दाखवतो, साक्षीदार 'असं मी पोलिसांना सांगितलं नाही' म्हणतो, न्यायाधीश त्या भागाला 'अ' अशी खूण करतात. पण काम इथे संपत नाही. तो 'अ' भाग तपासी अंमलदाराच्या साक्षीत सिद्ध करून घ्यावा लागतो, तेव्हा त्याला निशाणी (एक्झिबिट) क्रमांक पडतो. ही दुसरी पायरी राहिली तर उलटतपासणीत मिळवलेलं सगळं हवेत. मूट कोर्टात (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात) दहातले आठ इथेच घसरतात.

हे बघायला कुणाच्या ओळखीची गरज नाही. कलम ३६६ प्रमाणे फौजदारी न्यायालय खुलं असतं (बलात्कारासारखे खटले बंद दालनात चालतात, तिथे जाऊ नका). जिल्हा न्यायालयात सकाळी बोर्ड (दिवसाच्या खटल्यांची यादी) बघा, 'पुरावा' टप्प्यावरचा सत्र खटला निवडा, मागच्या बाकावर बसा. फोन बंद.

सीलबंद
फॉरेन्सिक शिकणाऱ्यांनाच नव्हे, वकिलांनाही हे लागतं, म्हणून लिहितो. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६(३) नुसार ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि चित्रीकरण करायचं. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला ५ वर्षांपर्यंतची मुदत आहे. कलम १०५ नुसार झडती-जप्तीचंही चित्रीकरण आलं. त्यामुळे पुढच्या उलटतपासणीत प्रश्न असेल: 'व्हिडिओत पुडीवर सील दिसत नाही, पंचनाम्यात आहे, हे कसं?'

प्रयोगशाळेत नमुने का बाद होतात? बहुतेक वेळा कारण अगदी घरगुती असतं.

रक्ताने ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालणं. ओल आत अडकते, जिवाणू-बुरशी वाढते, डीएनए तुटतो. कपडा सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात, प्रत्येक कपडा वेगळा. आरोपीचा शर्ट आणि मयताची साडी एकाच गाठोड्यात आली की रक्त कुणाकडून कुणाकडे गेलं ते सांगता येत नाही.

डीएनएसाठी जिवंत व्यक्तीचं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत, थंड ठेवून. विषाच्या तपासणीचा व्हिसेरा (शवातल्या अवयवांचे नमुने) मिठाच्या संपृक्त द्रावणात. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहायच्या असतील तेव्हा १० टक्के फॉर्मालीन. बाटल्यांची अदलाबदल झाली की विष शोधणं अवघड होऊन बसतं.

आणि सर्वांत मोठं भोक साखळीत. जप्ती ३ तारखेची, मुद्देमाल नोंदवहीत नोंद ५ ची, मुंबईत कलिन्याच्या प्रयोगशाळेला पोच १९ ची. मधले दिवस वस्तू कुणाच्या ताब्यात? सील जपलं होतं का? पंचनाम्यातला सीलचा नमुना आणि प्रयोगशाळेच्या पोचपावतीतलं वर्णन जुळतं का? विद्यार्थ्यांनी सराव म्हणून एका प्रकरणातल्या या तारखा एका कागदावर ओळीने मांडाव्यात. बचावाचा वकील नेमकं हेच करतो.

पंच_क्रमांक_२
+१. मोबाईल, सीसीटीव्ही याबद्दलही लिहा ना कुणीतरी. आता अर्धे खटले पेन ड्राइव्हवर चालतात.

निशाणी_१२
इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र मागणारं साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, जुनं ६५-ब. या विषयावर दोन निकाल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका: २०१४ चा अन्वर विरुद्ध बशीर आणि २०२० चा अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल. दुसरा तर आपल्या जालन्याचा, विधानसभा निवडणुकीच्या वादातला. उमेदवारी अर्ज किती वाजता दाखल झाला याचं चित्रीकरण निवडणूक कार्यालयाचं होतं, मागूनही प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. न्यायालयाने म्हटलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर प्रमाणपत्र नको, पण प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच.

नव्या कायद्याने प्रमाणपत्राचा नमुना परिशिष्टात दिला आहे. भाग 'अ' उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं त्याची खूण. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा समजा. एक अक्षर बदललं तरी मूल्य पूर्ण बदलतं. चूक कुठे होते? आधी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि मग हॅश काढतात. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, म्हणजे मूळ आणि प्रत यांचे हॅश जुळणारच नाहीत. हॅश जप्तीच्या वेळीच काढून पंचनाम्यात लिहायचा.

अटलांटाकर
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेतली क्रिमिनल जस्टिसची पदवी साधारण १२० क्रेडिटची, ४ वर्षांची. त्यातला बराच भाग सामान्य शिक्षणाचा: इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र, विज्ञान. उरलेल्यात पोलीस, न्यायालयं, सुधारगृहं, गुन्हेशास्त्राचे सिद्धांत, संशोधनपद्धती. न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज आणि मिशिगन स्टेट ही या विषयाची जुनी घरं. अभ्यास चांगला आहे, प्रश्न पुढचा आहे.

एक, ही कायद्याची पदवी नाही. तिथे वकिलीसाठी या पदवीनंतर वेगळी जेडी (कायद्याची पदवी) करावी लागते, आणि भारतात सनदेसाठीही क्रिमिनल जस्टिसची पदवी चालत नाही. दोन, एफबीआयसह संघराज्याच्या तपास यंत्रणांत अमेरिकी नागरिकत्व लागतं. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला ते दार बंद. तीन, साध्या क्रिमिनल जस्टिसला पदवीनंतर १२ महिन्यांचीच कामाची परवानगी मिळते. स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना मिळणारी) २४ महिन्यांची वाढ फॉरेन्सिक सायन्सला मिळते, याला नाही. तिथेच जन्मलेल्या मराठी मुलांसाठी हा चांगला पर्याय, इथून जाणाऱ्यांसाठी महागडा. जायचंच असेल तर इथे एलएलबी करून तिकडे एक वर्षाचं एलएलएम.

वाटाड्या
सहमत. फक्त शेवटच्या वाक्यात एक पुस्ती: फौजदारी वकिली इथेच करायची असेल तर परदेशी एलएलएमपेक्षा तालुका कोर्टातली दोन वर्षं जास्त शिकवतात.

अटलांटाकर
वाद घालणार नाही. :)

निशाणी_१२
उत्तरं लिहिण्याबद्दल राहिलं होतं. समस्याप्रधान प्रश्न असा येतो: 'अ ने भांडणात ब च्या मांडीवर चाकूचा एक वार केला. मोठी धमनी कापली जाऊन ब दगावला. अ कोणत्या गुन्ह्यास पात्र?' ढोबळ उत्तर: 'मांडी हा मर्मभाग नाही, एकच वार, म्हणून खून नाही.' यावर निम्मे गुण जातात.

पायऱ्या: आधी मृत्यू अ च्या कृत्यानेच झाला का. मग न्याय संहितेच्या कलम १०० मध्ये (सदोष मनुष्यवध) बसतं का. मग १०१ चं (क). तिथे १९५८ चा विरसा सिंग निकाल: *ती विशिष्ट* जखम करायचा हेतू होता का, की ती अपघाताने तिथे बसली? आणि ती जखम निसर्गक्रमाने मृत्यूला पुरेशी होती का? दुसरा प्रश्न वस्तुनिष्ठ, डॉक्टरांच्या साक्षीवरून ठरतो, आरोपीला माहीत असण्याची गरज नाही. मग अपवाद तपासा: अचानक भांडण आहे का, गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ आहे का. प्रक्षोभासाठी नानावटी खटला (सर्वोच्च न्यायालय, १९६१). पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये डोकं थंड व्हायला वेळ मिळाला होता, म्हणून अपवाद नाकारला गेला. अपवाद लागू झाला तर शिक्षा १०५ खाली, नाहीतर १०३(१).

परिस्थितीजन्य पुराव्याचा प्रश्न आला तर शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. पुण्याचा खटला, त्यातली पाच सूत्रं 'पंचशील' म्हणून ओळखली जातात. फक्त नाव टाकू नका, पाचही लिहा. आणि त्या खटल्यात आरोपी सुटला हे विसरू नका. परीक्षक ते मुद्दाम विचारतात.

सीलबंद
छोटी भर: न्याय संहितेचं १०६(२), म्हणजे अपघात करून न कळवता पळून जाण्याची १० वर्षांपर्यंतची शिक्षा. वाहनचालकांच्या आंदोलनानंतर १ जुलै २०२४ ला ते पोटकलम लागू केलं गेलं नाही. पुस्तकात छापलेलं असतं, म्हणून मुलं लिहून येतात. कुठलंही कलम लिहिताना अधिसूचना पाहायची सवय लावा.

गवतीचहा
सगळ्यांचे आभार. भाची पाच वर्षांच्या लॉकडे वळते आहे असं दिसतं. तिचाच एक प्रश्न: आरोपीला चार्जशीट वेळेत न आल्यास जामीन मिळतो, ते दिवस कसे मोजतात?

रोजनामा
नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७. मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षे व अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवस, बाकीच्यांना ६०. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसच, पण नव्या संहितेत ती सलग किंवा तुकड्यांत, पहिल्या ४० दिवसांत (६० च्या प्रकरणात) किंवा पहिल्या ६० दिवसांत (९० च्या) घेता येते. पूर्वी ती पहिल्या १५ दिवसांतच घ्यावी लागे. हा बदल लहान दिसतो, पण जामिनाच्या युक्तिवादाचं गणितच बदलतो.

मोजणी अटकेपासून नाही, दंडाधिकाऱ्याने पहिला रिमांड दिला त्या दिवसापासून. समजा चोरीच्या गुन्ह्यात अटक ४ जुलै रात्री, पहिला रिमांड ५ जुलै. तिला मोजू द्या.

गवतीचहा
तिचं उत्तर: ६ जुलैपासून मोजून ६० वा दिवस ३ सप्टेंबर, जामिनाचा हक्क ४ ला.

रोजनामा
एक दिवस चुकला. रिमांडचा दिवस धरायचा, सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं. ५ ते ३१ जुलै २७ दिवस, ऑगस्ट ३१, झाले ५८. ६० वा दिवस २ सप्टेंबर. ३ सप्टेंबरला सकाळी चार्जशीट दाखल नसेल तर हक्क मिळाला, पण आपोआप नाही. अर्ज द्यावा लागतो, आणि तोही चार्जशीट येण्याआधी. पोलिसांनी ११ वाजता दाखल केली आणि वकील १२ वाजता अर्ज घेऊन पोचला, तर हक्क गेला. म्हणून जाणते वकील ३ तारखेला कोर्ट उघडताच फाइलिंगच्या खिडकीवर उभे असतात, आणि अर्जावरच्या शिक्क्यात तारखेबरोबर वेळही टाकून घेतात.